जुन्या ट्रकमधील ‘खट्’ आवाज: दोष क्लचचा नव्हता
रत्नागिरीहून आंबा घाटमार्गे जांभा चिरा वाहणाऱ्या माझ्या जुन्या ट्रकला क्लच सोडताना ‘खट्’ असा ठोका बसे आणि चढणीवर खालून घरघर येई. क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) बदलूनही आवाज तसाच राहिला. त्या वाया गेलेल्या खर्चाने मी हताश झालो होतो.

क्लचचे पेडल दाबल्यावर सुरू होणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा, तर न्यूट्रलमध्ये येणारा आणि पेडल दाबताच थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा असतो. माझ्या गाडीत यांपैकी काहीच नव्हते.

शेवटी गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद केले, सर्व चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रलला घेतला आणि प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा) हाताने उलटसुलट फिरवून पाहिला. शाफ्टच्या मागच्या क्रॉसमध्ये (शाफ्टला वळू देणाऱ्या, चार टोप्यांच्या सांध्यात) ढिलाई लागली आणि त्याच्या टोप्यांभोवती तांबूस, कोरडी भुकटी दिसली. खारी हवा आणि पावसाचे पाणी यांपुढे ग्रीस टिकले नव्हते. शाफ्ट काढण्यापूर्वी फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या चकतीवर) व स्लिप जॉइंटवर (शाफ्टच्या आत-बाहेर सरकणाऱ्या जोडावर) खुणा केल्या (त्या जुळल्या नाहीत, तर नव्या क्रॉसनेही गाडी थरथरते), क्रॉस बदलला, शाफ्ट खुणांनुसार बसवून बोल्ट आवळले आणि चारही टोप्यांतून ताजे ग्रीस बाहेर येईपर्यंत भरले. त्यानंतर ठोकाही थांबला आणि घरघरही.