जंताची गोळी मागण्याआधी या चुका टाळा

"जंताची एक गोळी द्या, पोरगा रात्रीचा दात खातोय." सांगलीतल्या आमच्या औषध दुकानात हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. पाठोपाठ आजी सांगते, "गूळ लई खातो." आता दात खाणं हे काही जंतांचं लक्षण नाही आणि गुळानं जंत होत नाहीत. जंताची अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत जातात, मातीतून नखांत किंवा भाजीवर आणि तिथून तोंडात. गुळाचा डबा लपवण्यापेक्षा पोराची नखं कापा.

रात्री गुदद्वाराशी खाज येत असेल, तर मात्र सुतासारखे बारीक जंत असू शकतात. इथली ठरलेली चूक म्हणजे एकट्या पोराला गोळी देणं. गोळीनं जंत मरतात, अंडी उरतात, आणि ती अंथरुणातून घरभर फिरतात. म्हणून डॉक्टरांना विचारून सगळ्या घरानं एकाच दिवशी गोळी घ्यायची, दोन आठवड्यांनी पुन्हा. चादरी गरम पाण्यात धुवायच्या.

शाळेत १० फेब्रुवारीला मिळणारी अल्बेंडाझोल ही जंताची गोळी "मळमळतं" म्हणून चुकवू नका. पोटात जंत जास्त असले की थोडं मळमळतं, आणि ते लवकर थांबतं. गोळी ४०० मिलिग्रॅमची असते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, तीही चुरून पाण्यातून.

उसाला रात्री दारं धरायला अनवाणी जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ओल्या मातीतल्या अंकुशकृमीच्या अळ्या तळपायाच्या कातडीतून शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात. अशा माणसाला नुसत्या लोहाच्या गोळ्या देणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. चिखलात चप्पल टिकत नाही हे मान्य, पण गमबूट टिकतात.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज माळकरी घरातला: "आम्ही मटणसुद्धा खात नाही, आम्हाला पट्टकृमी कसा?" कच्चं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा जंत वाढतो, खरं आहे. पण त्याच्या विष्ठेतली अंडी न धुतलेल्या कोथिंबिरीवरून, गाजरावरून शाकाहारी माणसाच्याही पोटात जातात, आणि अळ्या मेंदूत गाठी करून बसतात. लोक म्हणतात, कोबीतली हिरवी अळी मेंदूत जाते, पण ती बिचारी यात निर्दोष आहे. या गाठींमुळे मग एक दिवस फिट येते. तेव्हा कांदा-चप्पल हुंगवू नका, आणि दुकानातून जंताची गोळी तर मुळीच नेऊ नका. गोळीनं गाठीतल्या अळ्या मरताना मेंदूला सूज येते. आधी स्कॅन, मग डॉक्टर सांगतील ते. अशा गिऱ्हाइकाला मी गोळी देत नाही, भांडण झालं तरी.

पाण्याचंही तसंच. जुनी माणसं वस्त्रगाळ पाण्यावर विश्वास ठेवतात, कारण पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणारा नारू हा जंत त्यानं थांबायचा. नारूच्या अळ्या वाहणारा पाणपिसू कापडात अडकतो. नारू गेला, २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. अमीबा आणि जिआर्डिया हे पोट बिघडवणारे सूक्ष्म जीव मात्र त्याच कापडातून आरामात खाली उतरतात. कृष्णेला पूर येऊन गेला की पाणी गाळा, आणि मग उकळा.