गाडीला टिकाऊ वॅक्स लावायचंय? आधी ही तयारी

पहिलं काम म्हणजे आपल्या गाडीचा रंग नेमका कसा आहे ते बघून घेणं. डबा कोणता आणायचा हे त्यानंतर. गेल्या काही दशकांतल्या बहुतेक गाड्यांवर मूळ रंगाच्या वर पारदर्शक क्लिअरकोट असतो. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही कमी. ऊन, धूळ, पक्ष्यांची विष्ठा सगळं तोच झेलतो आणि वॅक्सही त्याच्यावरच बसतं. जुन्या गाडीला क्लिअरकोट नसेल तर पुसताना फडक्यावर गाडीचाच रंग उतरेल. बिघडलेलं काही नाही, तो रंगच तसा असतो. मॅट फिनिशची, म्हणजे मुद्दाम चकाकी न ठेवलेल्या रंगाची गाडी असेल तर मात्र ही तयारी इथेच थांबवा. नेहमीच्या वॅक्सने मॅट रंगावर चकाकणारे चट्टे पडतात, आणि घासून काढायला जावं तर चकाकी आणखी वाढते. एखादा भाग नुकताच रंगवून आणला असेल तर तोही तूर्त सोडा. ताज्या रंगातलं सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारा द्राव) हळूहळू बाहेर पडत असतं. वर टिकाऊ थर दिला की त्याची वाट अडते. थांबायची मुदत रंगाप्रमाणे ३० ते ९० दिवसांचीही असते, तेव्हा रंग देणाऱ्यालाच विचारा.

आता वॅक्स निवडायचं. दुकानात सगळ्याच डब्यांवर ‘वॅक्स’ लिहिलेलं असलं तरी आत तीन-चार वेगळ्या जातीचा माल असतो, आणि थर चढवायचे असतील तर ही जात ओळखता आली पाहिजे. कार्नाउबा हे वनस्पतीजन्य मेण. ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून ते काढतात. नैसर्गिक मेणांमध्ये ते फार कडक समजलं जातं आणि ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. मधमाश्यांचं मेण ६२-६४ अंशांनाच विरघळायला लागतं. पण शुद्ध कार्नाउबा इतकं कडक असतं की ते गाडीवर पसरवताच येत नाही. म्हणून त्यात तेलं, सॉल्व्हंट आणि मऊ मेणं मिसळावी लागतात. डब्यावर ‘१०० टक्के कार्नाउबा’ असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ फार तर आतला मेणाचा भाग कार्नाउबाचा आहे, एवढाच घ्यावा. अशा वॅक्सने रंगाला खोली येते, गडद रंग तर ओले दिसायला लागतात. टिकण्याच्या बाबतीत मात्र महिना-दोन महिन्यांपलीकडे आशा धरू नये.

दुसरी जात सिंथेटिक सीलंटची. यात पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचे कृत्रिम रेणू असतात. ते रंगाला घट्ट चिकटून राहतात आणि काही महिने निभावतात. चमक कार्नाउबापेक्षा थोडी कोरडी, काचेकडे झुकणारी. तिसरी जात मधली: मेण आणि पॉलिमर एकत्र, किंवा मेणाच्या रूपात डब्यात भरलेला सिंथेटिक माल. कॉलिनाइट ४७६एस किंवा फिनिश केअर १०००पी ही नावं या शौकातल्या लोकांच्या तोंडी असतात ती यामुळेच. हे डबे दिसायला साधे, वासही काही खास नाही, पण चार-सहा महिने टिकण्याबद्दल त्यांचं नाव आहे. माझं मत विचाराल तर टिकाऊपणा हवा असणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. चौथी जात लक्षात ठेवायची ती टाळण्यासाठी: क्लीनर वॅक्स, किंवा ‘सगळं एकाच बाटलीत’ म्हणून विकलं जाणारं पॉलिश. त्यात बारीक घासणारे कण किंवा मळ काढणारी रसायनं असतात. पहिला हात म्हणून ते चालतं. पण तयार थरावर लावलं तर खालचा थर खरवडून निघतो आणि त्याच्या जागी कमी टिकणारा थर बसतो.

गाडीवर सिरॅमिक कोटिंग (रंगाला चिकटून कडक होणारा रासायनिक थर) केलेलं असेल तर वॅक्सची गरजच नाही. वर वॅक्स लावलं की पाण्याचे थेंब वॅक्सवर बसतात तसे बसायला लागतात आणि खालचं कोटिंग ठीक आहे की संपलं हे कळेनासं होतं. उलट पुढेमागे कोटिंग करायचा विचार असेल तर त्या वेळी सगळं वॅक्स काढावं लागेल, हे आत्ताच ध्यानात असू द्या.

दिवस निवडताना दोन दिवस मोकळे बघा, एक नव्हे. पहिल्या दिवशी धुणं, साफसफाई आणि पहिला थर. तो थर पक्का होईपर्यंत गाडी कोरड्या, छताखालच्या जागी राहिली पाहिजे. हवा फार दमट असेल तर वॅक्स वाळता वाळत नाही आणि पुसताना ओघळल्यासारखे पट्टे राहतात. उन्हात तापलेल्या पत्र्यावर तर काही लावूच नये. बॉनेटवर हाताची पालथी बाजू ठेवा. पत्रा गार लागला तरच पुढे जा. इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर सावलीतही बॉनेट गरम असतं, हे विसरायला होतं.

सामानात काय काय हवं? न्यूट्रल पीएचचा (ना आम्लधर्मी, ना अल्कलीधर्मी) गाडीचा शाम्पू, दोन बादल्या, मिट (धुताना हातात घालायचा मऊ मोजा), लोखंडी कण विरघळवणारा स्प्रे, क्ले बार (रंगाला चिकटलेले कण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा) आणि त्यासाठी वंगण, वॅक्स लावायला फोमचे दोन-तीन अ‍ॅप्लिकेटर, कागदी मास्किंग टेप, आणि मायक्रोफायबरची फडकी आपल्याला वाटतात त्याच्या दुप्पट. धुवायची वेगळी, सीलंट पुसायची वेगळी, वॅक्स पुसायची वेगळी. नवीन फडकी एकदा धुऊन घ्या आणि शिवलेलं लेबल कापून टाका. चरे पाडायला ते लेबल पुरतं. कपड्यांचा सॉफ्टनर या फडक्यांना कधीही नको, त्याचा लेप धाग्यांवर बसतो आणि फडकं पुसण्याऐवजी नुसतं फासत बसतं. हातातून जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद.

धुण्याबद्दल जास्त लिहीत नाही. आधी पाण्याच्या झोताने सुटी धूळ काढा, वरून खाली या, मिट प्रत्येक वेळी साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून मगच शाम्पूत बुडवा. चाकं शेवटी नव्हे, आधी धुवा; नाहीतर ब्रेकची काळी भुकटी धुतलेल्या दारांवर उडते.

धुतलेली गाडी स्वच्छ दिसते, पण तसं असेलच असं नाही. तपासायचा एक सोपा उपाय आहे. हाताच्या बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि कोरड्या बॉनेटवरून हलकेच फिरवा. नुसत्या बोटांना गुळगुळीत लागलेला पत्रा पिशवीतून चक्क वाळू पसरल्यासारखा खरबरीत लागतो. ते असतात ब्रेकमधून आणि रस्त्यावरून उडालेले लोखंडाचे कण, झाडाचा चीक, डांबराचे ठिपके. त्यांच्यावर वॅक्स लावलं तर ते रंगाला नाही, मळाला चिकटतं, आणि मळाबरोबरच निघून जातं. ‘महिनाभरातच वॅक्स उडालं’ ही तक्रार बऱ्याचदा इथून सुरू होते. दोष डब्याला दिला जातो.

आधी लोखंडाचा स्प्रे मारा. दोन-तीन मिनिटांत कण जिथे असतील तिथून जांभळे ओघळ उतरायला लागतात. मागच्या बाजूला आणि चाकांजवळच्या पत्र्यावर सगळ्यात जास्त. पांढऱ्या गाडीवर हे दृश्य बघून पोटात गोळा येतो, पण तो जांभळा रंग रसायन आणि लोखंड यांच्या प्रक्रियेचा आहे, गाडीच्या रंगाचा नाही. स्प्रे पत्र्यावर सुकू मात्र देऊ नका, भरपूर पाण्याने धुऊन टाका. मग क्ले. छोटा गोळा चपटा करून, भरपूर वंगण मारून, वजन न देता सरळ रेषेत फिरवा. सुरुवातीला तो अडखळतो, खसखस आवाज येतो. मग अचानक घसरायला लागतो. तिथे थांबा, क्ले दुमडून स्वच्छ बाजू वर आणा, पुढचा भाग घ्या. क्ले जमिनीवर पडला तर थेट कचऱ्यात. धुऊन वापरू म्हणणाऱ्याने आपल्या क्लिअरकोटची जाडी पुन्हा आठवावी.

क्लेनंतर उजेडात गाडी नीट बघा. बारीक गोल चरे दिसत असतील तर पॉलिश करायची वेळ हीच. वॅक्स चरे काढत नाही. काही वॅक्समधलं तेल ते थोडे दिवस भरून काढतं इतकंच. टिकाऊ वॅक्सखाली अडकलेले चरे पुढचे चार महिने तुमच्याकडे बघत राहतात. पण चरे डोळ्यांना खुपत नसतील तर पॉलिश सोडून द्यायला हरकत नाही. प्रत्येक वेळी थोडा क्लिअरकोट खर्ची पडतो आणि तो परत येत नाही.

पॉलिश केलं असो वा नसो, पहिला थर देण्याआधी पत्रा निव्वळ कोरा हवा. पॉलिशचं तेल आणि क्लेचं वंगण मागे राहतं, आणि सीलंटला नेमकं तेच नको असतं. तयार पॅनेल वाइप (तेलकटपणा काढणारा द्राव) किंवा पाण्यात मिसळलेलं १५-२० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल फडक्यावर घेऊन एकेक भाग पुसून काढा. लगोलग काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि रबराच्या कडा टेपने झाका. प्लास्टिकच्या दाण्यांत वॅक्स शिरलं की पांढरं पडतं आणि ते काढायला वॅक्स लावण्याहून जास्त वेळ जातो.

थरांचा क्रम साधा आहे, तरी सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. रंगाला चिकटणारा माल खाली, नुसता बसणारा वर. म्हणजे सीलंट आधी, कार्नाउबा नंतर. उलटं केलंत तर सीलंट रंगापर्यंत पोहोचतच नाही. तेलकट मेणावर बसतं आणि मेण गेलं की तेही जातं. सीलंट लावल्यावर पुढचा थर देण्याआधी १२ ते २४ तास जाऊ द्या, बाटलीवर वेगळा वेळ दिला असेल तर तो माना. घाईने वर वॅक्स दिलं तर त्यातलं सॉल्व्हंट खालच्या कच्च्या थराला पुन्हा मऊ करतं.

याच कारणाने वॅक्सवर वॅक्स देत गेलं की जाडी वाढत जाते हा समज खरा नाही. नवा हात जुन्या हाताला थोडा विरघळवतो आणि दोघं मिळून जवळपास तेवढाच थर उरतो. मग दुसरा हात द्यायचा कशाला? पहिल्या हातात राहून गेलेल्या जागा भरण्यासाठी. दाराच्या मुठीखाली, नंबरप्लेटच्या आसपास, टाकीच्या झाकणाच्या कडेला हात नेहमी चुकतो. दोन हातांत गाडी पूर्ण झाकली जाते. तिसरा, चौथा, पाचवा हौसेचा. हौसेला माझी ना नाही, पण त्याने वॅक्स जास्त टिकेल असं समजू नये. घट्ट पेस्ट वॅक्सच वापरणार असाल तर त्याचे दोन हात, मध्ये एक रात्र, एवढ्यावर भागतं. खाली सीलंट हवंच असं नाही.

लावताना एकच गोष्ट पाळायची: पातळ. अ‍ॅप्लिकेटर डब्यात दाबून फिरवू नका, एकदा टेकवून हलकंसं वळवा. तेवढ्यात अख्खं दार होतं. लावलेला भाग समोरून जेमतेम दिसावा, तिरकं बघितल्यावर पुसट धुकं दिसावं. जाड थर रंगाला जास्त चिकटत नाही. वरचा सगळा भाग शेवटी फडक्यातच जातो, आणि काढताना दंड भरून येतात ते वेगळंच. कॉलिनाइटसारखी कडक वॅक्स पूर्ण गाडीला एकदम लावू नयेत, एकेक-दोन भाग करत जावं. पुसायची वेळ झाली का ते बोटाने बघा: धुक्यावरून बोट एकदा ओढा. मागे स्वच्छ चकचकीत रेघ उमटली तर फडकं घ्या. रेघ फरफटली, तेलकट राहिली तर अजून थांबा. बाटलीतलं वॅक्स गारठ्याने घट्ट झालं असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवून चांगली हलवून घ्या.

शेवटचा हात पुसून झाल्यावर टेप काढा, दाराच्या फटीत अडकलेलं पांढरं वॅक्स मऊ ब्रशने काढा आणि गाडी निदान रात्रभर पाण्यापासून लांब ठेवा. डब्याच्या झाकणावर तारीख लिहून ठेवा, तीन महिन्यांनी अंदाज बांधण्यापेक्षा ते बरं.

पुढचा हात कधी द्यायचा हे पाण्याच्या थेंबांवरून ठरवतात (वॅक्स शाबूत असेल तर थेंब टपोरे राहतात, गेलं की पाणी पसरतं), पण त्याआधी गाडी नीट धुवा. धुळीच्या पातळ थरानेही पाणी पसरायला लागतं आणि वॅक्स गेल्यासारखं वाटतं. वॅक्स शिल्लक असेल तर धुतल्यावर थेंब परत टपोरे होतात. बॉनेट आणि टप यांवरचा थर सगळ्यात आधी विरतो, दारांवरचा बराच काळ राहतो. त्यामुळे दर वेळी पूर्ण गाडी करायचीही गरज नसते. आडव्या भागांवर पिशवी फिरवून बघा. गुळगुळीत लागलं तर क्ले, पॉलिश काही नको. धुऊन, कोरडं करून तेच वॅक्स पुन्हा एक हात द्या.