विजेच्या धूपदाणीचे तापमान : माझा अनुभव

खानापुरातील आमच्या घरी सालईचा डिंक विजेच्या धूपदाणीत ठेवला की काही क्षणांतच काळा पडे आणि सुवासाऐवजी घसा खवखवणारा धूर होई. आईचा खोकला त्याने बळावत असे. डिंकातील सुगंधी द्रव्यांपैकी अल्फा-पायनीन सुमारे १५६ अंश सेल्सिअसला, तर लिमोनीन १७६ अंशांना उकळते. राळेचा जड भाग मात्र अधिक तापल्यास करपतो, म्हणून तापमान या आकड्यांच्या आसपास राखणे हाच उपाय होता. बेळगावात टिळकवाडीतील एका वायरमनकडून धूपदाणीचे वॅटेज पेलेल असा डिमर (वीज कमी-जास्त करणारे बटण) बसवून घेतला (जुना पंख्याचा रेग्युलेटर लावण्याचा मोह टाळावा). इन्फ्रारेड तापमापक चकचकीत पत्र्यावर प्रत्यक्षाहून कमी आकडा दाखवतो, त्यामुळे मल्टिमीटरची थर्मोकपल (टोकाशी तापमान टिपणारी) तार थेट वाटीला टेकवून मोजले. आता १६० अंशांवर डिंक आधी मऊ होतो, कडेने बारीक बुडबुडे येतात आणि वास खोलीभर पसरतो. तो मंदावला की डिमर किंचित वाढवतो, पण १८० च्या पुढे नेत नाही. उरलेली राळ प्लग काढून, वाटी कोमट असतानाच खरवडावी. गार झाल्यावर ती काही केल्या सुटत नाही.