विश्वामित्रीचा पूर आणि मदतपथकं : कुठला निर्णय कंट्रोलचा, कुठला गल्लीचा

विश्वामित्री नदीला पाणी चढलं की वडोदऱ्यात मदतीला माणसं कमी पडत नाहीत. गणेश मंडळं, सोसायट्या, कॉलेजची पोरं, सगळे बाहेर पडतात. २०२४चा मोठा पूर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आला आणि गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. अशा वेळी मंडळांकडे कार्यकर्त्यांच्या याद्या, टेम्पोवाले, मंडपवाले सगळं जुळवलेलं असतं. घोळ होतो तो निर्णयांचा. तळमजल्यावरच्या आजींना वर न्यायचं का, हे विचारायला पथकाने फोन लावलेला असतो आणि मंडळाचा फोन पाऊण तास एंगेज. त्याच रात्री खिचडीचे चार टेम्पो मुख्य रस्त्यावरच्या एकाच सोसायटीत पोचतात नि मागच्या वस्तीत कुणी फिरकत नाही. पहिला घोळ सगळं एका खोलीतून चालवल्याचा, दुसरा ज्याने त्याने आपापलं चालवल्याचा. दोन्ही एकाच मंडळात होतात, म्हणून ‘सगळे अधिकार खाली द्या’ हा सल्ला जितका अपुरा, तितकाच ‘सगळं वरून चालवा’ हाही. एकेक निर्णय हातात घेऊन तो कुणाचा, हे पावसाआधी ठरवावं लागतं.

पुढची मांडणी शंभर-दीडशे कार्यकर्त्यांच्या मंडळासाठी आहे. एका पथकात ६ ते ८ जण, त्यांचा एक प्रमुख आणि एक उपप्रमुख. पाच पथकांवर एक विभागप्रमुख, आणि विभागप्रमुखांवर कंट्रोल, म्हणजे फोन, नकाशा आणि नोंदवही असलेली एक खोली. एका माणसाकडे ३ ते ७ जणांनीच थेट बोलावं, शक्यतो पाचांनी, हा आकडा आपत्ती व्यवस्थापनातला जुना आहे. कॅलिफोर्नियात १९७०च्या वणव्यांनंतर जी पद्धत बसवली गेली तिच्यात तो आहे आणि आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली काढलेल्या मार्गदर्शक सूचना त्याच घराण्यातल्या. कंट्रोलच्या एका फोनवर वीस पथकं बोलायला लागली की ते कंट्रोल उरत नाही.

तीन प्रश्न

प्रत्येक निर्णयाला आधी विचारा : ही गोष्ट आधी कुणाला कळते? नदीच्या वरच्या अंगाच्या आजवा सरोवराची पातळी, काळा घोडा पुलाजवळ नदी किती फुटांवर आहे, विजेचा कुठला फीडर बंद, कुठला पूल वाहतुकीला बंद, हे कंट्रोलला आधी कळतं. पाणी कितव्या पायरीला लागलं, कुठल्या घरात ऑक्सिजनवरचा माणूस आहे, कुणाकडे आठवड्याचं बाळ आहे, कुठल्या मॅनहोलवर झाकण नाही, हे गल्लीला. ज्याला आधी कळतं त्याच्याकडे निर्णय असला की वेळ वाचतो.

मग : चुकलं तर परत फिरता येतं का? पाणी आलंच नाही तरी आजींना उगाच वर नेल्याने अर्ध्या तासाची दमछाक होते, एवढंच. वाहत्या पाण्यात घातलेली होडी परत फिरवता येत नाही. परत फिरता येणारे निर्णय गल्लीला द्या आणि तिथे घाई चालेल असं स्पष्ट सांगा.

शेवटी : एकाने घेतलं तर दुसऱ्याचं कमी होतं का? होडी, ट्रॅक्टर, जनरेटर, डिझेल ही सगळ्यांची आणि मोजकी. ती कंट्रोलच्या हातात.

उत्तरं एकमेकांना छेद देतात तेव्हा निर्णय फोडायचा. ऑक्सिजनवरच्या रुग्णाला बाहेर काढायचं आहे. गल्लीतून आधी कोण जाणार, हे पथकप्रमुख ठरवेल. कुठली होडी, कुठल्या रस्त्याने आणि कधी, हे कंट्रोल ठरवेल. कंट्रोलने ‘त्याच्याआधी अमक्यांना घ्या’ म्हणायचं नाही, पथकाने होडी अडवून ठेवायची नाही. जिथे जीव जाण्याची शक्यता आहे तिथे मात्र दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बाकी दोघांवर चालतं.

पत्रक

हे सगळं एका ए-फोर कागदावर बसलं पाहिजे. एका बाजूला मराठी, मागे गुजराती, कारण दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यासारख्या मराठी वस्तीच्या भागांतल्या पथकातसुद्धा अर्धी पोरं गुजराती शाळेतली असतात. लॅमिनेट करून प्रत्येक पथकप्रमुख आणि उपप्रमुखाच्या गळ्यात. कागदावर तीन रकाने.

‘न विचारता करा’ : तळमजल्यावरची माणसं वर हलवणं, जिन्यात दिवा आणि दोर लावणं, गाड्या उंचावर नेणं, सोसायटीचा मेन स्विच पाडणं, पथकाच्या पैशातून दूध, औषध, टॉर्चचे सेल घेणं. त्यासाठी प्रत्येक पथकाला ५,००० रुपये रोख द्या, शंभरच्या आणि पन्नासच्या नोटांत. टॉवर बंद पडला की यूपीआय चालत नाही आणि पुरात ५००चे सुटे कुणी देत नाही. ५०० रुपयांपर्यंत पावती मागू नका, वहीत एक ओळ पुरे. पावत्यांचा धाक असेल तर पथकप्रमुख दुधाच्या पिशवीसाठीही फोन करतो.

‘करा आणि कळवा’ : जवळच्या शाळेत किंवा वाडीत (मंगल कार्यालयात) लोक हलवणं, वाटपाचा क्रम बदलणं, दमलेल्या पथकाला सहा तासांची सुट्टी देणं, शेजारच्या पथकाला दोन माणसं देणं. यात परवानगी नाही, फक्त नोंद.

‘विचारल्याशिवाय नाही’ हा रकाना सगळ्यांत लहान ठेवा, पण लोखंडी ठेवा. वाहत्या पाण्यात उतरणं. होडी. वीज परत सुरू करणं. मगर. आजव्याविषयी कुठलीही घोषणा. जोरात वाहणारं पाणी सहा इंच खोल असलं तरी मोठ्या माणसाचे पाय उखडू शकतं आणि फूटभर पाण्यात छोटी मोटार वाहून जाते. अंधारात हे नजरेला कळत नाही. विश्वामित्रीतल्या मगरी पुरात सोसायट्यांत शिरतात. मगर दिसली की पथकाचं काम लोकांना मागे घेणं आणि वनखात्याला कळवणं, एवढंच.

होडीवरही एक नियम लिहा : किती माणसं चढणार हे होडी चालवणारा ठरवतो, समोर मंडळाचे अध्यक्ष उभे असले तरी. जरोदच्या तळावरून एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) तुकडी आली की पाण्यातले सगळे निर्णय तिचे. तुमचा माणूस वाटाड्या म्हणून सोबत द्या, गल्ल्या त्यालाच माहीत.

थांबवायचा अधिकार मात्र सगळ्यांना. नवख्या पोरालाही ‘थांबा, खांबाला करंट वाटतोय’ म्हणता आलं पाहिजे आणि त्यासरशी सगळ्यांनी थांबलं पाहिजे. सुरू करायचा अधिकार एकाचाच. मेन स्विच कुणीही पाडावा. तो वर करायचा तो मीटर कोरडे झाल्यावर, वायरमनने पाहिल्यावर, कंट्रोलने नोंद केल्यावरच. पाणी ओसरल्यावर पंखा लावायच्या घाईत होणारे अपघात याने टळतात.

किती फुटांवर कुणाचा अधिकार

अधिकारांची वाटणी पाण्याबरोबर सरकली पाहिजे. काळा घोड्याला नदी २६ फुटांवर गेली की धोक्याची पातळी; २०२४ साली ती ३५ फुटांच्या वर गेली होती. आपल्यासाठी त्याखाली दोन टप्पे ठरवा, उदाहरणार्थ १८ आणि २२. अठरापर्यंत सगळं कंट्रोलकडे : माणसं बोलावणं, सामान वाटणं, फोन तपासणं. बाविसाला पहिले दोन रकाने पथकांकडे जातात, कुणी फोन करून सांगायची वाट न बघता. सव्विसाला पथकं आपापल्या गल्लीत पोचलेली हवीत आणि कंट्रोलने फक्त होड्या, साठा आणि बातमी सांभाळायची.

मात्र हे आकडे सगळ्या गल्ल्यांना सारखे लागू पडत नाहीत, आणि बहुतेक पत्रकं इथेच फसतात. समा हा भाग नदीच्या वरच्या अंगाला, वडसर खालच्या. शिवाय नदीपासून लांबच्या सोसायट्यांत पाणी भूखी आणि रूपारेलसारख्या कांसांतून, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या नाल्यांतून, उलटं येतं, नदी अजून काठातच असताना. म्हणून प्रत्येक गल्लीने आपला आकडा काढायचा : गेल्या पुरात काळा घोड्याला किती फूट असताना आपल्या फाटकाला पाणी लागलं? जुन्या रहिवाशांना विचारा, भिंतीवरची खूण बघा, त्यातून २ फूट वजा करा आणि पत्रकावर हाताने लिहा. हा आकडा गाठला की ती गल्ली मोकळी, कंट्रोलच्या टप्प्याची वाट पाहायची गरज नाही.

आजव्याच्या बातमीला एकच तोंड ठेवा. सयाजीराव महाराजांच्या काळात शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं हे सरोवर, पण पावसात सगळ्यांचा जीव त्याच्या पातळीत अडकलेला. ‘आजवा फुटलं’ असा एक फॉरवर्ड आला की धावपळीत माणसं जिन्यावरून पडतात. कंट्रोलने महापालिकेचा किंवा जिल्हा कंट्रोल रूमचा (१०७७) आकडाच सांगायचा आणि वेळेसकट : ‘रात्री ११.४०, काळा घोडा साडेचोवीस.’ वेळ नसलेला आकडा पुढे पाठवायचा नाही, बरोबर असला तरी.

फोन लागत नाही तेव्हा

तीस मिनिटं संपर्क नसेल तर पथक पहिल्या दोन रकान्यांत पूर्ण मोकळं. कंट्रोलचं मौन म्हणजे होकार. तिसऱ्या रकान्यात मौन म्हणजे नकार. तिथे जीव धोक्यात असेल तर ११२ किंवा १०१ वर प्रयत्न करत राहायचं आणि लोकांना आणखी वरच्या मजल्यावर न्यायचं.

विषम क्रमांकाची पथकं विषम तासाला, सम क्रमांकाची सम तासाला कळवतील. फोन नाही, एसएमएस, कारण अशक्त सिग्नलमध्ये तो आधी जातो. त्यात चारच गोष्टी : कुठे आहोत, किती माणसं सोबत, पुढच्या सहा तासांत काय लागेल, आपण होऊन काय केलं. चौथी गोष्ट गाळू देऊ नका. ती नसेल तर कंट्रोलला वाटतं शाळा रिकामी आहे, आणि तिथे आणखी साठ जण पाठवले जातात. सलग दोन वेळा एसएमएस आला नाही तर विभागप्रमुखाने माणूस पाठवायचा, आधी ठरलेल्या कोरड्या जागेवर.

अन्न आणि राखीव साठा

शिजवणं एका जागी, वाटणं गल्लीकडे. गॅस, मोठी पातेली, आचारी विखुरले की प्रत्येक ठिकाणी अर्धवट होतं. १०० माणसांच्या खिचडीला ७ किलो तांदूळ आणि ३ किलो मुगाची डाळ पुरते. शिजल्यापासून ४ तासांत ती खाल्ली गेली पाहिजे. पोचायलाच तीन तास लागणार असतील तर खिचडी पाठवू नका, सुखडी आणि सेव-ममरा असं कोरडं पाठवा. प्यायला माणशी दिवसाला किमान ३ लिटर पाणी धरा. प्रत्येक पथकाचा वाटा एसएमएसमधल्या माणसांच्या आकड्यावरून काढा, कोण जास्त वेळा फोन करतं त्यावरून काढू नका. गल्लीत आधी कुणाला, हे पथक ठरवेल.

पाचवा हिस्सा कंट्रोलने वाटायचाच नाही : पाकिटं, पाणी, डिझेल आणि शक्य तर एक होडी. लोक याला साठेबाजी म्हणतील, ते सोसा. पहाटे तीनला अशा गल्लीतून हाक येते जी यादीतच नव्हती. सगळं वाटून मोकळ्या झालेल्या कंट्रोलकडे तेव्हा सहानुभूतीखेरीज द्यायला काही नसतं. राखीव साठा वापरला की पहिलं काम तो परत भरण्याचं.

पाणी ओसरल्यावर

आता उलट दिशेने यायचं. नदी २२च्या खाली गेल्यावर २४ तासांनी पथकांचे जादा अधिकार संपतात, हेही पत्रकावर छापा. केशडोल (सरकारची रोख मदत), सर्वेक्षणाच्या याद्या, औषधं, दात्यांचे पैसे, यांत एकसारखेपणा लागतो. दोन पथकांच्या दोन याद्या झाल्या की एका घराचं नाव दोनदा येतं आणि मागच्या घराचं एकदाही नाही. सामान, उरलेली रोख आणि वही परत घ्या, त्याच दिवशी.

मग बसून निर्णय तपासा. विचारायचं एवढंच : त्या वेळी तुला काय माहीत होतं? माहितीच्या मानाने निर्णय योग्य असेल आणि परिणाम वाईट झाला असेल, तर चारचौघांत त्याची बाजू घ्या. एका पथकप्रमुखाला प्रामाणिक चुकीवरून सभेत झापलं की पुढच्या पुरात सगळी पथकं मेन स्विच पाडायलाही फोन करतील, आणि पत्रक गळ्यात नुसतं लटकेल.

जूनचा पहिला रविवार सरावाला ठेवा, दोन तास. कंट्रोलने एक प्रसंग वाचून दाखवायचा आणि तीस मिनिटं फोन बंद करायचा. त्या अर्ध्या तासात पथकांना ज्या ज्या ठिकाणी ‘विचारायला हवं होतं’ असं वाटलं ते सगळं लिहून घ्या. प्रत्येक ओळ तीनपैकी एका रकान्यात गेली पाहिजे. नवीन पत्रकावर तारीख घाला आणि जुनी सगळी मोजून परत घ्या, एकही गळ्यात राहता कामा नये.