खवले किडीवर फवारणी करण्यापूर्वी

सोसायटीच्या बागेतील कण्हेर, तगर किंवा सायकसवर खवले कीड दिसली की पंपाआधी भिंग आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आणावी. हातमोजे आणि मास्क कोणी विसरत नाही. पट्टी विसरली जाते. मागच्या उन्हाळ्यात माझी तीच राहिली आणि सगळे तेल पक्क्या कवचांवरून ओघळून वाया गेले.

पानांच्या मागे, शिरेलगत आणि फांद्यांच्या बेचक्यांत न हलणारे फुगवटे शोधून ते नखाने खरवडावेत. कवच सुटे निघून खाली मऊ किडा दिसला तर ती कठीण कवचाची जात, दोन्ही एकजीव असतील तर मऊ जात. मऊ जाती गोड चिकट स्राव टाकतात, त्यामुळे खाली उभ्या केलेल्या गाड्या चिकटतात, पानांवर काळी बुरशी चढते आणि मुंग्यांची रीघ लागते. कठीण कवचाच्या जाती असा स्राव टाकत नाहीत, म्हणून झाड चिकट नसले तरी निर्धास्त राहू नये. मातीतून दिले जाणारे इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मऊ जातींवर चालते, कठीण कवचाच्या जातींवर फारसे चालत नाही, आणि फुलझाडांवर ते मधमाश्यांना घातक ठरते. नर्सरीवाल्याने बाटली पुढे केली म्हणून घेऊ नये.

आता पट्टी. जिवंत किडीजवळ ती फांदीला गुंडाळावी आणि दर दोन-तीन दिवसांनी भिंगाखाली पाहावी. तिच्यावर पिवळसर किंवा केशरी ठिपके अडकले असतील तर पिल्ले बाहेर पडली आहेत. ती थोडाच काळ रांगतात, मग सोंड खुपसून एका जागी बसतात आणि कवच धरू लागतात. तेल लागू पडते ते प्रामुख्याने या अवस्थेत. ठिपके नसतील तर थांबावे. माळी आजच आला आहे, पुढच्या आठवड्यात येणार नाही, हे फवारणीचे कारण नव्हे; पट्टी पाहावी. मुंबईच्या उबदार हवेत किडीच्या पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या फवारणीनंतरही पट्टी काढून न टाकता नवी लावावी.

फार किडलेल्या फांद्या छाटून पिशवीत बांधाव्यात. कण्हेरीच्या जाळू नयेत, तिचा धूरही विषारी असतो. मुंग्या ही कीड खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावून किडीला संरक्षण देतात, म्हणून खोडाला त्यांना अडवणारा चिकट पट्टा लावावा आणि भिंतीला टेकलेल्या फांद्या कापाव्यात, नाहीतर मुंग्या तिकडून चढतात.

एक लिटर पाण्यात 5 मि.लि. निंबोळी तेल आणि थोडा द्रवरूप साबण घ्यावा. आधी दोन-चार पानांवर करून पाहावे. फवारणी सकाळी लवकर करावी, भर उन्हात पाने करपतात. पानांची मागची बाजू भिजलीच पाहिजे. मुंबईत पावसाची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे, त्याआधी उरकावे. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा, तेही पट्टी पाहून. युरिया बंद. मेलेली कवचे महिनोन्महिने चिकटून राहतात. ती दाबल्यावर कोरडी निघाली आणि नवी पालवी स्वच्छ असली तर पुढची फवारणी करू नये.