डिस्क कोणी भरली? मेल धाडण्याआधी या चुका टाळा

सामायिक लिनक्स सर्व्हरची डिस्क ९८ टक्क्यांवर गेली, की आपण 'होम'मध्ये (यूजरांचे वैयक्तिक फोल्डर) शिरतो, 'डीयू' (du, फोल्डरनं व्यापलेली जागा मोजणारी कमांड) चालवतो आणि यादीत सगळ्यात वर दिसेल त्याला 'फाइली आवरा' असा मेल धाडतो. मीही हेच करायचो. एकदा एकाला दोनदा डेटा पुसायला लावला. दोन दिवसांत डिस्क पुन्हा काठोकाठ. खरी जागा 'टेंप'मध्ये (/tmp, तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर) भलत्याच कोणाच्या फाइलींनी अडवली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मूळ चूक इथेच आहे. 'डीयू' फोल्डर मोजतो, माणूस मोजत नाही. एकाच यूजरच्या फाइली होममध्ये असतात, 'टेंप'मध्ये, 'व्हार-टेंप'मध्ये (/var/tmp) आणि प्रोजेक्टच्या सामायिक फोल्डरमध्येही असतात. उलट एखाद्याच्या होममध्ये दुसऱ्याच्या मालकीच्या फाइलीही सापडतात. मालकानुसार हिशोब हवा असेल तर फाइलसिस्टिमवर क्वोटा (प्रत्येक यूजरच्या जागेचा हिशोब आणि मर्यादा) चालू करा. मग 'रेपक्वोटा' (क्वोटाचा अहवाल देणारी repquota कमांड) सगळ्यांचे आकडे क्षणात देतो, कारण हिशोब आधीच मांडलेला असतो. 'डीयू'सारखं लाखो फाइलींतून फिरावं लागत नाही. मर्यादा घालायची नसेल तरी मोजमापासाठी क्वोटा चालू ठेवावा, असं माझं मत. मर्यादा घातलीच, तर सॉफ्ट लिमिट (काही काळ ओलांडता येणारी मर्यादा) ओलांडल्यावर सवलतीचा काळ मिळतो (सहसा ७ दिवस) आणि तो संपला की यूजरचं लिहिणं अडतं, हे लोकांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर आठव्या दिवशी फोन तुम्हालाच येणार.

क्वोटा नसेल तर 'फाइंड'ला (find, फाइली शोधणारी कमांड) यूजरचं नाव द्या, सोबत 'एक्सडेव्ह' (-xdev) लावा म्हणजे तो दुसऱ्या फाइलसिस्टिमवर भटकणार नाही. बेरीज करताना फाइलची लांबी घेऊ नका, डिस्कवर व्यापलेले ब्लॉक (जागेचे तुकडे) घ्या. व्हर्च्युअल मशीनची १०० जीबीची 'स्पार्स' (आतून बरीचशी रिकामी) फाइल प्रत्यक्षात ५ जीबीच खात असू शकते. आणखी एक मेख आहे. हार्ड लिंक (एकाच फाइलचं आणखी एक नाव) असलेली फाइल 'डीयू' एका फेरीत एकदाच धरतो, 'फाइंड' मात्र प्रत्येक नावागणिक मोजतो. हार्ड लिंकवर चालणारे बॅकअप असतील तर बेरीज भलतीच फुगते.

'माझं तर २० जीबीच आहे' असं कोणी छातीठोक सांगितलं, तर त्यानं 'डीयू'ला तारा (*) देऊन मोजलंय का ते विचारा. ताऱ्यात टिंबानं सुरू होणारे फोल्डर येत नाहीत, आणि कॅशे नेमकी तिथेच दडलेली असते. ताऱ्याऐवजी नुसतं टिंब (.) द्यावं.

परवानगी नसलेले फोल्डरही 'डीयू' वगळतो. एररचे संदेश 'डेव्ह-नल'कडे (/dev/null, येईल ते टाकून देणारी जागा) वळवले असतील तर हे कळतही नाही. एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेलं स्टोरेज) तर रूट (सर्वाधिकारी यूजर) होऊनही उपयोग होईलच असं नाही, कारण 'रूट-स्क्वॅश' या सेटिंगमुळे तिथे रूटला सामान्य पाहुण्याचीच वागणूक मिळते. अशा वेळी मोजणी मूळ स्टोरेज सर्व्हरवर करा.

'डीएफ' (df, डिस्क एकूण किती भरली ते सांगणारी कमांड) म्हणतो डिस्क भरली, 'डीयू'ची बेरीज मात्र कमी. अशा वेळी पुसलेली पण अजून उघडी असलेली फाइल शोधा. कोणीतरी मोठा लॉग पुसतो, पण प्रोग्रॅमनं तो धरून ठेवलेला असतो. नाव गेलं, जागा राहिली. 'एलएसओएफ'ला (lsof, उघड्या फाइली दाखवणारी कमांड) 'अधिक एल-एक' (+L1) दिलं की अशा फाइली आणि त्यांच्या प्रोसेस दिसतात. प्रोसेस रीस्टार्ट केली की जागा सुटते. क्वोटात ही जागा मालकाच्या नावावर तोवर राहतेच, म्हणून क्वोटा आणि 'डीयू' यांतला फरक हा चांगला सुगावा असतो.

खातं काढलं पण फाइली ठेवल्या, तर मालकाच्या जागी नुसता आकडा दिसतो. 'फाइंड'चा 'नो-यूजर' (-nouser) पर्याय त्या शोधून देतो. हे वेळेवर करा. तोच यूआयडी (यूजरचा क्रमांक) पुढे नव्या माणसाला मिळाला, तर पहिल्याच दिवशी त्याच्या नावावर जुन्याचे ३०० जीबी चढतात, शिवाय त्याला त्या फाइली वाचताही येतात.

आणि जागा शिल्लक असूनही 'जागा नाही' असा एरर आला, तर 'डीएफ'ला 'आय' (-i) लावून आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी एक नोंद) संपलेत का ते बघा. लाखो बारक्या फाइली करणारा यूजर जीबीच्या यादीत तळाशी असतो, आयनोडच्या यादीत मात्र पहिला.