१०३१ एक्स्चेंज केलं, एलएलसी पण बंद केली, आता अमेरिकेतला टॅक्स रिटर्न कसा भरायचा?

अमेरिकेत भाड्याने दिलेलं घर विकून १०३१ खाली (म्हणजे फायद्यावरचा टॅक्स पुढे ढकलणाऱ्या कलमाखाली) दुसरं घेतलं आणि त्याच वर्षी एलएलसीही (घर ज्या कंपनीच्या नावावर होतं ती) गुंडाळली, की कुठला फॉर्म कोणी भरायचा इथेच गाडी अडते.

आधी बघा, टॅक्सच्या हिशोबाने जुनं घर कोणाचं होतं. एलएलसीचे तुम्ही एकटेच मालक असाल आणि ती कॉर्पोरेशन म्हणून टॅक्स भरत नसेल तर आयआरएसच्या (अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या) लेखी ती नसल्यातच जमा, सगळं तुमच्या १०४० मध्येच (वैयक्तिक रिटर्नमध्येच) जातं, त्यामुळे ती बंद केल्याने एक्स्चेंज बिघडत नाही. पण पार्टनर असतील तर विकणारी एलएलसी आणि घेणारीही तीच लागते, म्हणून नवीन घराचं क्लोजिंग (खरेदीचा व्यवहार पूर्ण) होईपर्यंत तिला हात लावू नका, आणि नंतरही घर लगेच आपापल्या नावावर करायच्या आधी सीपीएला (तिथल्या सीएला) विचाराच.

मग फॉर्म ८८२४, म्हणजे एक्स्चेंजची माहिती देणारा फॉर्म, जुनं घर ज्या वर्षी विकलं त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये. समजा २,००,००० डॉलरला घेतलेलं घर, ६०,००० डेप्रिसिएशन (घसारा) झालं आणि ३,५०,००० ला विकलं (खर्च सोडून देऊ), तर फायदा २,१०,०००. नवीन घर ४,००,००० चं असेल तर त्याचा बेसिस (टॅक्ससाठी धरायची किंमत) ४,००,००० नाही, त्यातून तो फायदा वजा करून १,९०,००० धरायचा! सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण किंमत टाकली की पुढची सगळी वर्षं डेप्रिसिएशन चुकत जातं. हातात रोख आली असेल तर तेवढ्यावर टॅक्स लागतो.

जुनं घर विकल्यापासून ४५ दिवसांत नवीन घर ठरवायचं, १८० दिवसांत घ्यायचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण रिटर्नची तारीख १८० दिवसांच्या आधी येत असेल तर मुदत तिथेच संपते, एक्स्टेंशन घेतलं तरच पूर्ण दिवस मिळतात, त्यामुळे वर्षाच्या शेवटी घर विकलेल्यांनी हे आधी बघा.

पार्टनरशिप एलएलसी ३१ ऑगस्टला संपली तर शेवटचा १०६५ (पार्टनरशिपचा रिटर्न) १५ नोव्हेंबरपर्यंत द्यायचा, पुढच्या मार्चची वाट बघत बसू नका, उशिराचा दंड दर महिन्याला दर पार्टनरमागे लागतो. त्यावर आणि के-१ वर (प्रत्येक पार्टनरचा वाटा दाखवणाऱ्या कागदावर) 'फायनल' ची खूण करा. राज्याकडेही रीतसर बंद करा, कॅलिफोर्नियात नाही केलं तर वर्षाचे ८०० डॉलर चालूच राहतात.

आणि पुण्यातला फ्लॅट यात बसत नाही, अमेरिकेतल्या घराच्या बदल्यात अमेरिकेतलीच प्रॉपर्टी लागते. क्लोजिंगचे कागद आणि ८८२४ ची कॉपी नवीन घर विकेपर्यंत जपून ठेवा, बेसिस तिथूनच काढावा लागणार.